झाडीत हरवणारा आवाज

वॉशिंग्टनहून बाल्टिमोरकडे जाणारा पार्कवे १९५४ साली खुला झाला. म्हणायला हा मोठा हमरस्ता, पण गाडी वनराईतून चालली आहे असेच वाटावे. दोन्ही बाजूंना झाडी आणि मधल्या पट्ट्यातही झाडीच. ऑक्टोबरात पाने लाल-पिवळी होतात तेव्हा तर प्रवास संपूच नये असे वाटते.

या रस्त्यावर आणि जवळच्या १०८ व ३२ क्रमांकाच्या अरुंद रस्त्यांवर १९८५ ते १९८७ च्या दरम्यान एका व्हॅनच्या फेऱ्या चालत. टपावर अँटेना आणि वर आकाशात हेलिकॉप्टर. उपग्रहाचे सोंग हेलिकॉप्टरने घ्यायचे आणि त्याचा संदेश व्हॅनने मोजायचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे ज्युलियस गोल्डहिर्श आणि टेक्सास विद्यापीठाचे वुल्फहार्ड व्होगेल यांचा हा खटाटोप, पाठबळ नासाचे. टेलिफोनचे मनोरे पोहोचणार नाहीत अशा आडगावी धावत्या गाडीतून उपग्रहामार्फत बोलता येईल का, हा प्रश्न होता. रुग्णवाहिकेतून मदत मागणाऱ्याला वाक्य मध्येच तुटून चालत नाही.

आणि झाड नेमके तेच करते. एका झाडाच्या आडोशाला संदेशाची शक्ती साधारण दहाव्या हिश्शावर येते. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. म्हणजे झाड, मोकळी फट, पुन्हा झाड, असा लपंडाव सतत चालू.

दोष पानांचा, असे कुणालाही वाटेल. म्हणून एकच शोभेचे पेअरचे झाड भर पानांत आणि पुन्हा निष्पर्ण असताना तपासले गेले. पानांमुळे डेसिबलच्या मापात अडथळा जेमतेम तिसऱ्या हिश्शाने वाढला. खरी आडकाठी फांद्यांची आणि बुंध्याची! पानगळीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. गाडी झाडांच्या बाजूच्या लेनमध्ये आहे की पलीकडच्या, यानेही फरक पडे. उपग्रह जितका क्षितिजाकडे झुकलेला, तितकी वाटेत अधिक झाडे.

उपाय म्हणून कुणी कुऱ्हाड उचलली नाही, हे बरे झाले. उपग्रहाची शक्ती किती जादा ठेवायची, याचा हिशेब या मोजमापांतून बसवता आला. २००० साली गाड्यांसाठी रेडिओ सुरू करू पाहणाऱ्या सिरियस कंपनीने तीन उपग्रह अशा लंबवर्तुळाकार कक्षांत सोडले, की ते अमेरिकेवर बराच वेळ उंच राहत. शिवाय तेच गाणे दुसऱ्या उपग्रहावरून सुमारे चार सेकंदांच्या अंतराने येई. एक झाडाआड गेला तर दुसरा सांभाळून घेई.

मेरीलँडमधून विषुववृत्तावरचा स्थिर उपग्रह फार तर ४५ अंशांवर दिसतो. मुंबई त्या मानाने नशीबवान. ८३ अंश पूर्व रेखांशावरचे आपले उपग्रह मुंबईहून सुमारे ६५ अंशांवर, बरेच डोक्याकडे. पण सुरूरहून वाईकडे जाताना जुने वड रस्त्यावर कमान धरतात, तिथे ही उंची काय कामाची? मोबाइलच्या नकाशाला एकाच वेळी अनेक उपग्रहांचा आधार असतो, तरीही दाट पानोळ्याखाली तो ठिपका घुटमळू शकतो. घुटमळेना का. थोड्याच वेळात वाई येते.