शून्याची अट

शाळेत वर्गसमीकरणाची व्याख्या मी घोकली होती. ‘अ शून्य नसावा’ या अटीसकट. का नसावा, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही. पुढे गणित सुटले आणि मी मराठीच्या आश्रयाला आलो.

परवा दहावीतल्या कन्येने संगणकावर ‘जिओजेब्रा’ उघडले. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबर्ग विद्यापीठात सुरू केलेले हे सॉफ्टवेअर. समीकरणाचा आलेख पडद्यावर होताच. ‘अ’चा स्लायडर तिने माझ्या हाती दिला. पाच, तीन, एक... उभट वाटी पसरट होत गेली. शून्यावर येताच सरळ रेषा! उणे एकावर वाटी पालथी!

“बाबा, कळलं का नसावा?”

कळले. पण माझ्याही वर्गात कोणी मुकाट्याने अलंकारांच्या व्याख्या घोकत असेलच की!