पुटपुटणारी पाटी

हाताची घडी, तोंडावर बोट. अकोल्यातलं बाळापूर असो की अमरावतीतलं मोर्शी, पहिलीतलं लेकरू अक्षरांच्या आधी ही आज्ञा शिकतं. दोन्ही जिल्ह्यांत शिकवल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की गणिताच्या तासाला ते बोट मुलाच्या विचारावरच पडतं.

वजाबाकी दिली की सहा-सात वर्षांचं मूल पाटीवर वाकून स्वतःशीच बोलू लागतं. "तेरातून सात. दहातले सात गेले, तीन उरले. अन् हे वरचे तीन. सहा हायेत." हे ना शेजाऱ्यासाठी असतं, ना गुरुजींसाठी. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२३ च्या आपल्या पुस्तकात अशा बोलण्याला आत्मकेंद्री म्हटलं. वय वाढलं की ते गळून पडतं, असं त्यांचं मत. मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्कींना ते पटलं नाही. त्यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचण आणली. चित्र काढायला बसलेल्या मुलाला हवी ती रंगीत पेन्सिलच मिळेना. तेव्हा हे बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. म्हणजे काम अवघड झालं की मूल बोलून वाट काढतं, आणि मोठेपणी हेच बोलणं आत जाऊन विचार बनतं. १९३४ साली, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, हे पुस्तकरूपाने आलं.

मला विगोत्स्की पटतात, ते पाटीजवळ बसल्यामुळे. बेचाळीसमधून सतरा वजा करून एका मुलीने पस्तीस लिहिलं. पाटीवर नुसती चूक दिसते. पण ती पुटपुटत होती, "दोनातून सात जात नाई, मंग सातातून दोन काढू." नेमकी गाठ तिथे होती. तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे चार जुडगे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. एक जुडगा तिने स्वतः सोडला, बारा काड्या झाल्या, आणि पुढचं सांगावं लागलं नाही. मूल एकट्याने अडतं पण थोड्या आधाराने पार होतं, ती जागा विगोत्स्कींनी शिक्षकाला दाखवली. ती सापडते मात्र कानाने.

दोन शिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-दोन वर्ग बसतात, तिथे गलबला होतो हे खरं. पण नजर पाटीवर असेल तर ती पुटपुट, शेजाऱ्याकडे असेल तर गप्पा. एवढा फरक आठवड्याभरात डोळ्यांना कळू लागतो. मेळघाटातलं मूल कोरकूत पुटपुटेल. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठी शिक्षकाला ती कळणार नाही. तरी थांबवू नये. आकडेमोड त्याची आहे, भाषाही त्याचीच असू द्यावी.

शांततेचं मोल मी नाकारत नाही. लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे जी माँटेसरी पद्धत रुजली, तिच्यात शांततेचा खेळच असतो: मुलं आपणहून निःशब्द होतात आणि बारीक आवाज ऐकतात. ती शांतता मुलाने कमावलेली असते, बोट ठेवून आणलेली नसते.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. पहिली-दुसरीच्या गुरुजींना, बाईंना माझी विनंती आहे: गणिताच्या तासाला तोंडावरचं बोट काढायला सांगा, आणि पाटीजवळ खाली बसा.