काळविटाची मादी

काळविटाला कुणी ‘हरीण’ म्हटलं, की माझ्यातला मास्तर जागा व्हायचा. हरीण नव्हे, कुरंग म्हणा! चितळ, सांबर, भेकर ही हरणं. त्यांच्या नरांची शिंगं फांद्यांची आणि दरवर्षी गळणारी. काळविटाची शिंगं पिळाची, बिनफांद्यांची, जन्मभराची. तो गाय-बकरीच्या कुळातला. सुरतेत लिंबायतच्या मराठी पोरांकडून मी हे वर्षानुवर्षं घोकून घेतलं. घरी खानदेशी आईबाप ‘हरीण’ म्हणायचे, गल्लीत गुजराती ‘हरण’ चालायचं. माझा ‘कुरंग’ पेपरापुरता. पेपर संपला की तोही पसार.

मत हललं ते वेळावदरला. हजीऱ्याहून घोघ्याची बोट २०२० मध्ये सुरू झाली आणि सुरतकरांचा खंबातच्या आखाताला घालावा लागणारा वळसा वाचला. म्हणून एकदाचे गेलो. भावनगरचे राजे या गवताळ माळावर पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करत. १९७६ पासून तिथं राष्ट्रीय उद्यान आहे, साधारण ३४ चौरस किलोमीटरचं.

जीपसमोरच कळप होता. त्यात एकच नर काळाकुळीत; पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं. मान मागे टाकून, शिंगं पार पाठीला लावून तो माद्यांपुढून मिरवत चालला होता. माद्यांना शिंगं नाहीत, अंग तांबूस-पिवळं. त्या आपल्या चरत होत्या, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता. बायको म्हणाली, “तो काळवीट, मान्य. मग या कोण? काळविटिणी?”

गाडीवाल्या भाईला हा प्रश्नच नव्हता. गुजरातीत ‘काळियार’ अख्ख्या जातीला चालतं. मराठीत मात्र नर तो काळवीट आणि मादी ती हरणी. ‘हरीण’ काढून घेतलं, तर त्या बिचारीला नावच उरत नाही. मी गप्प बसलो. बायकोसमोर असा प्रसंग तसा नवा नाही म्हणा.

घरी येऊन कोश उघडले. संस्कृतात ‘हरिण’ म्हणजे फिकट पिवळसर. त्या माद्यांचाच रंग. ज्या ‘कुरंगा’साठी मी भांडत होतो, तोही संस्कृतात सरसकट हरणालाच चालतो. ‘मृग’ तर मुळात कुठलाही रानपशू, म्हणून सिंह मृगेंद्र. इंग्रजी ‘डिअर’चीही तीच कथा, जुन्या इंग्रजीत तो शब्द कुठल्याही जनावराला लागायचा. आणि ज्या शास्त्राच्या जोरावर मी लोकांना टोकत होतो, त्याचा आद्यपुरुष लिनियस! १७५८ मध्ये त्यानं या प्राण्याला नाव दिलं ‘सर्व्हिकाप्रा’, म्हणजे हरीण-बकरी. त्यालाही यात हरीण दिसलंच होतं.

कुळातला फरक खरा आहे आणि तो शिकवलाच पाहिजे. पण तो शिंगं दाखवून, लोकांच्या तोंडचा शब्द हिसकावून नव्हे. तेव्हा काळविटाला खुशाल हरीण म्हणा. फक्त पाठ्यपुस्तकांच्या चित्रकारांना एक विनंती: त्याच्या डोक्यावर फांद्या काढू नका.