भिंगाचा फेरविचार

उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून तेथे बहुकेंद्री भिंग बसविल्यानंतर मला गासच्या वाडीत बसून वर्तमानपत्र चष्म्यावाचून वाचता येऊ लागले. परंतु दिवेलागणीनंतर सोपाऱ्याहून निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाच्या दिव्याभोवती एकात एक अशी प्रकाशाची कडी उमटून त्यांच्याआड पायी चालणारा माणूस पार लोपू लागला, तेव्हा हे भिंग बदलून साधे एककेंद्री घ्यावे काय, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

अशा भिंगावरील सूक्ष्म वलये प्रकाश निरनिराळ्या अंतरांसाठी वाटून देतात, आणि त्या क्षणी जो वाटा उपयोगाचा नसतो तोच रात्री कडी होऊन दिसतो. काही महिन्यांत मेंदूस याची सवय होते, असे सांगतात. मात्र ज्या पातळ आवरणात भिंग बसते ते दिवसेंदिवस त्याला घट्ट धरीत जाते, म्हणून अदलाबदल करावयाचीच तर फार विलंब परवडत नाही.

“आवरण गढुळले आहे, लेसरने साफ करून घ्या,” असा सल्ला मला एका ठिकाणी मिळाला होता. दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, भिंगाचा निकाल लागेपर्यंत लेसर नको. एकदा आवरणाला भोक पडले की भिंग काढताना मागचा काचद्रव पुढे येण्याचा धोका वाढतो.” मी तो लेसर तत्काळ तहकूब केला. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच हा क्रम रुग्णास समजावून सांगितला गेला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

मग डोळ्यांच्या कोरडेपणावर थेंब सुरू झाले, उरलेल्या किंचित नंबराचा चष्मा रात्रीपुरता मिळाला, आणि कडी नाहीशी झाली नाहीत तरी इतकी फिकी झाली की त्यांच्यापलीकडचा माणूस दिसू लागला. इकडे मोगऱ्याच्या कळ्या ओवताना पत्नी सुई माझ्यापुढे धरते, आणि मी ओट्यावरच्या उजेडात पहिल्याच झटक्यात दोरा घालतो. वाचन आणि हे बारीक काम गमावून केवळ रात्रीच्या रस्त्यासाठी डोळा पुन्हा शस्त्राखाली देणे मला मान्य होईना.

भिंग ठेवावयाचे, असा फैसला झाला, आणि त्यानंतरच लेसर करून घेतला. डाव्या डोळ्यासाठी मात्र दूरच्या नजरेचे एककेंद्री भिंगच लिहून घेतले आहे. ते पावसाळा ओसरल्यावर बसेल, आणि तोवर संध्याकाळच्या मिस्सेला मुलगी सोबत येते.