नित्याचीं दृश्यें

गेल्या दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी चिंचवडास आमच्या घरीं भेटीस आला. आमच्याजवळ दोन वर्षें इंग्रजी शिकून तो पुढें यंत्रविद्येकडे वळला, कांहीं काळ चाकणच्या कारखानदारींत रमला, आणि आतां कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथें कपडे शिवण्याच्या एका कारखान्यांतील यंत्रांची देखभाल पाहतो. फराळाचें ताट पुढें येण्यापूर्वींच त्यानें स्वतः काढलेल्या छायाचित्रांचा एक गठ्ठा आमच्या हातीं दिला.

खरें सांगावयाचें तर आम्हीं तो गठ्ठा किंचित् अहंकारानेंच उघडला. ख्मेर लोकांची संस्कृति म्हणजे अंकोर वाट, बाराव्या शतकांत दुसऱ्या सूर्यवर्म्यानें विष्णूसाठीं उभारलेलें तें प्रचंड देवालय. आणि ज्याअर्थीं देव आमचा, त्याअर्थीं त्या वैभवाचे निम्मे धनी आम्हीच, अशी आमची जुनी समजूत. वर्गांत हें आम्हीं कैक वेळां ऐटीनें सांगितलेंही आहे. परंतु त्या गठ्ठ्यांत देवालय एकही नव्हतें! १९३७ सालीं बांधलेल्या, पिवळ्या घुमटाच्या मोठ्या बाजारांत मासळी कापीत बसलेली एक म्हातारी. तिच्या डोक्याला आपल्या पंच्यासारखें चौकड्यांचें वस्त्र, ज्यास तेथें क्रमा म्हणतात. पांढरे सदरे घालून सायकलींवरून शाळेस निघालेलीं मुलें. भगव्या वस्त्रांतील भिक्षूस दारांत भात वाढणारी गृहिणी. उघड्या मालमोटारींत दाटीनें उभ्या राहून कामावर चाललेल्या मुली. आणि त्या म्हातारीनें मोड म्हणून परत दिलेल्या रिएलच्या चुरगळलेल्या नोटा.

"अरे, एवढ्या दूर जाऊन हें काय टिपलेंस?" आम्हीं विचारलें. "असा बाजार पिंपरीच्या मंडईंत रोज पाहावा!"

तो हंसला. "सर, त्या बाईंनीं मला 'पुढच्या मंगळवारीं या' म्हणून सांगितलें. मंगळवारास तिकडे अंगारकाचेंच नांव आहे; उच्चार मात्र पुष्कळ झिजला आहे. हा शब्द मूळचा आमचा, असें मी त्यांना मोठ्या हौसेनें सांगितलें. तर त्या म्हणाल्या, 'असें होय? म्हणजे तुम्हीही आमचाच शब्द वापरतां!'"

मोरया गोसावींच्या समाधीपुढें अंगारकीची रांग पाहण्यांत जन्म गेलेल्या आम्हांस हें उत्तर जरा झोंबलें; आणि पटलेंही.

गठ्ठ्यांतील शेवटचें चित्र लांब व्हरांड्यांच्या एका शाळेचें होतें. पुढें पटांगण, पटांगणांत झाडें. आमच्या गांवांतील कोणत्याही शाळेशीं अदलाबदल करतां आली असती. "ही तुझ्या घराजवळची शाळा काय?" आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "शाळा होती, सर." आम्हीं चित्र उलटून पाहिलें. मागें नांव लिहिलें होतें : तुओल स्लेंग.

तो इतिहास आम्हांस ठाऊक नव्हता असें नाहीं. पण पुस्तकांत वाचलेलें आणि हातांत धरलेलें यांत अंतर असतें. १७ एप्रिल १९७५ रोजीं ख्मेर रूजचें सैन्य नॉम पेन्हमध्यें शिरलें आणि थोड्याच दिवसांत सारें शहर रिकामें करून माणसें शेतांवर हांकलण्यांत आलीं. बाजार मोडले, चलन रद्द झालें, शाळांस टाळीं लागलीं, भिक्षूंचीं वस्त्रें उतरविलीं गेलीं. शिकलेला मनुष्य तेवढा संशयित ठरला. असंख्य शिक्षक मारले गेले. ही शाळा बंदिशाळा झाली. तेथें आणलेल्या कैद्यांचीं छायाचित्रें मात्र नीट काढून ठेवीत! जानेवारी १९७९ पर्यंत, म्हणजे चार वर्षांहूनही कमी काळांत, भूक, रोग, अतिश्रम आणि वध यांपायीं सुमारें पंधरा ते वीस लाख माणसें गेलीं.

आम्हीं तो गठ्ठा पुन्हां पहिल्या चित्रापासून पाहिला. बाजार, नोटा, भिक्षु, शाळेचीं मुलें : ज्यांस आम्ही मघां सामान्य म्हणालों होतों, त्यांतील प्रत्येक गोष्ट त्या देशांत एकदां बंद झाली होती व कष्टानें परत आली होती. नोटादेखील १९८० सालीं नव्यानें चालूं कराव्या लागल्या. मासळी कापणारी ती म्हातारी सत्तरीची दिसत होती. म्हणजे तेव्हां ती विशीच्या आसपास असणार. काय पाहिलें असेल तिनें? कोण कोण गमावलें असेल? आमच्या विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं, आणि तें बरेंच केलें. पण अशी बाई एका परक्या तरुणास 'पुढच्या मंगळवारीं या' म्हणते. म्हणजे पुढचा मंगळवार येईल, बाजार भरेल, आपण तेथें असूं, इतकें सारें ती गृहीत धरते. अंकोरच्या शिखरांहून हें धैर्य आम्हांस थोर वाटलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पिशवी घेऊन मंडईस निघालों. चाकणकडे जाणाऱ्या कारखान्यांच्या बसगाड्या माणसांनीं भरून चालल्या होत्या. भाजीवाली म्हणाली, "काका, आज मेथी जून आहे. उद्यां या, कोवळी येईल." एरवीं हें बोलणें आमच्या कानांवरूनच गेलें असतें. त्या दिवशीं आम्ही क्षणभर थबकलों, आणि "येतों" म्हणालों.