उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही का?

परीक्षेची फी मोबाईलवरून भरताना गोल चक्र फिरतच राहतं, हे आपल्या परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी हात लगेच पुन्हा 'पे' कडे जातो. पण जरा थांबा!

आपला मोबाईल म्हणजे 'क्लायंट'. दूरचा संगणक म्हणजे 'सर्व्हर'. क्लायंटने काम सांगायचं, सर्व्हरने करून उत्तर द्यायचं; हा 'रिमोट प्रोसिजर कॉल'. वर्गात मी तो चिठ्ठीने शिकवतो. एक मुलगा शेजारच्या वर्गात चिठ्ठी नेतो: "सहलीच्या यादीत एक नाव लिहा." तो परतलाच नाही, तर? चिठ्ठी पोहोचली नसेल, किंवा नाव लिहूनही झालं असेल आणि मुलगा वाटेत रेंगाळला असेल. आपल्याला इथे बसून काहीच कळत नाही. दुसरी चिठ्ठी पाठवली, तर नाव दोनदा लागू शकतं.

म्हणून चिठ्ठीवर क्रमांक टाकायचा. बिरेल आणि नेल्सन यांनी 1984 च्या त्यांच्या शोधनिबंधात प्रत्येक कॉलला असाच क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हर काम दुसऱ्यांदा करत नाही.

मात्र आपण नव्याने पैसे पाठवले की क्रमांकही नवा पडतो. सर्व्हरच्या लेखी ते वेगळंच काम! म्हणून आधी व्यवहारांची यादी बघा, क्रमांक टिपून ठेवा. 'पेंडिंग' दिसलं तर निकाल लागेपर्यंत थांबा.

मुलांनाही हा चिठ्ठीचा खेळ नक्की खेळायला द्या.