खिडकीखालचा बिडाचा रेडिएटर

घर तापवणारा रेडिएटर म्हणजे बिडाच्या ओतीव सेक्शनांची एकमेकांना जोडलेली रांग. तळघरातल्या बॉयलरमध्ये तापलेले पाणी नळांतून तिच्यात येते, खोलीला ऊब देते आणि निवून खाली परतते. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या शंभर वर्षांच्या घरांत ही व्यवस्था अजून चालू आहे. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर शहरात प्रस्तुत लेखकाच्या घरी असे सात रेडिएटर होते. एका जानेवारीत कुटुंब पुण्याला गेले असताना बॉयलर बंद पडला. शेजाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत उत्तरेकडच्या खोलीतला रेडिएटर गोठून तडकला होता. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगते आणि बीड ताणाला दबत नाही, फुटते. तडा बोटभर लांब आणि केसाएवढा बारीक होता, पण खालची लाकडी जमीन हातभर काळी पडली होती.

असा तडा वेल्डिंगने भरवशाचा सांधत नाही. एका प्लंबरने भिंतीलगतची, पातळ पत्र्याच्या पंखांची आधुनिक पट्टी बसवण्याचा सल्ला दिला. तो मानला नाही हे बरेच झाले. बीड सावकाश तापते आणि बॉयलर थांबल्यावरही बराच वेळ ऊब धरून ठेवते, तर पत्र्याची पट्टी लगेच तापते आणि लगेच निवते. एकाच फेऱ्यात दोन्ही असले की एक खोली सुखावते आणि दुसरी गारठते.

बदली रेडिएटर शोधताना पाहायची असते ती त्याची उष्णता देण्याची क्षमता. नक्षीचा विचार नंतर. ही क्षमता चौरस फुटांत सांगतात. पाण्याचे सरासरी तापमान १७० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ७७ अंश सेल्सिअस असेल, तर दर चौरस फुटामागे ताशी साधारण १५० बीटीयू उष्णता मिळते. जुन्या कारखान्यांच्या तक्त्यांत उंची आणि कॉलमांची संख्या यांवरून प्रत्येक सेक्शनचा आकडा दिलेला असतो. फुटलेला रेडिएटर २६ इंच उंच, तीन कॉलमांचा आणि बारा सेक्शनांचा होता. सेक्शनला पावणेचार चौरस फूट धरले, की एकूण ४५ चौरस फूट, ताशी ६,७५० बीटीयू. तीन कॉलमांचा ३८ इंची रेडिएटर सेक्शनला ५ चौरस फूट देतो आणि तो सहज मिळतही होता. पण खिडकीची पट्टी जमिनीपासून २८ इंचांवर होती.

पाडलेल्या घरांचे दरवाजे, कठडे आणि बाथटब विकणाऱ्या वखारींत हे रेडिएटर मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही. मात्र तिथे एक फसगत ठरलेली असते. वाफेवर चालणाऱ्या काही रेडिएटरांत सेक्शन फक्त तळाशी जोडलेली असतात. त्यांत पाणी सोडले तर वरच्या भागात हवा कोंडते आणि पाणी फिरत नाही. म्हणून दोन सेक्शनांच्या मधल्या फटीत बॅटरी मारून वरच्या टोकालाही जोड आहे ना, हे पाहावे लागते. पहिल्या वखारीतला सर्वांत सुबक, वेलबुट्टीचा रेडिएटर नेमका याच कारणाने सोडावा लागला. दुसरीकडे मापाचा एक मिळाला, पण पाणी भरून दाब देताच सहाव्या आणि सातव्या सेक्शनांच्या मधून गंजकट लाल थेंब झिरपू लागला.

तिसऱ्या ठिकाणी २६ इंची, तीन कॉलमांचा, पण अकरा सेक्शनांचा रेडिएटर होता. विक्रेत्याने टोके बुजवून त्यात पाणी भरले आणि दाब ४० पौंडांवर नेला. घरातल्या व्यवस्थेची सुरक्षा झडप ३० पौंडांना उघडते, तेव्हा एवढी कसोटी हवीच. तासाभरात काटा हलला नाही. एक सेक्शन कमी म्हणजे क्षमता ८ टक्क्यांनी कमी. मध्यंतरी त्या खोलीला दुहेरी काचेची खिडकी बसली होती, त्यामुळे ही तूट चालण्यासारखी होती.

दीडशे किलोंच्या आसपासचे हे धूड गोदरेजच्या कपाटासारखे कोपऱ्या-कोपऱ्यावर सरकवता येत नाही. पाय फक्त टोकाच्या दोन सेक्शनांना असतात आणि तिरका भार पडला की मोडतात. त्यासाठी पट्ट्याची हातगाडी आणि तीन माणसे लागली. जुन्या रंगात शिसे निघाले, म्हणून खरवडणे टाळून वर मॅट रंगाचा हात दिला. चंदेरी रंग मुद्दाम वगळला, कारण धातूची भुकटी असलेल्या रंगाने उष्णता कमी बाहेर पडते आणि हा परिणाम फक्त शेवटच्या थरावर ठरतो.

नळ जमिनीतून जिथे वर येतात ती जागा हलत नाही. एका सेक्शनची अडीच इंचांची तूट परतीच्या बाजूला लांब निपल घालून भरली. जुन्या झडपेचे आटे नव्या जोडाला बसेनात, तेव्हा झडप आणि तिचा जोड एकाच कंपनीचे घेतले. शेवटी वरच्या टोकाची हवा सोडायची चावी पाव फेरा फिरवली. आधी बराच वेळ नुसता फुसफुसाट, मग थुंकल्यासारखे काळे पाणी, मग सलग धार. चावी बंद केल्यावर वीस मिनिटांत अकरावे सेक्शनही तळहाताला गरम लागू लागले.